मिरकाबमधली भिंत आणि लवकरचा अर्ज

प्रवेशाचा अर्ज लवकर केला, तर मोजक्याच मुलांना घेणाऱ्या कॉलेजात जागा मिळण्याची शक्यता खरोखर वाढते का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघाले होते. गणित शिकवणाऱ्याला असे प्रश्न आवडतात. त्यात एका बाजूला कारण असते, दुसऱ्या बाजूला परिणाम असतो आणि मधे एक बाण असतो. मुले कारण पाठ करतात, परिणाम पाठ करतात. बाण कोणी काढला हे मात्र विचारत नाहीत. संशय घ्यायचा तो त्या बाणाचा, असे मी वर्गात सांगत आले आहे.

हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी एका ठरावीक हवेत येतो. ऑक्टोबर अर्ध्यावर आला की कुवेतमध्ये वस्म सुरू होतो. उन्हाळा संपल्याची, वाळवंटावर पाऊस पडण्याची शक्यता निर्माण झाल्याची ही इथली वेळ. बनेद अल-गारमधल्या माझ्या घरात ती सर्वांत आधी नळातून कळते. उन्हाळाभर गच्चीवरच्या टाकीतून थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येते. एके सकाळी हात पुढे करावा आणि पाणी नुसते कोमट असावे, म्हणजे वस्म आला. मग एसी बंद होतो आणि महिनोन्‌महिने त्याच्या घरघरीखाली दबलेली इमारत ऐकू येऊ लागते. लिफ्टचे दार, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, दोन मशिदींतून थोड्या पुढेमागे येणारी अजान. बाल्कनीचे दार उघडले की समुद्राचा खारट वास आत येतो आणि खिडकीच्या खाचेत उन्हाळ्याची पिवळी धूळ दिसते. शाळेची प्रार्थना पुन्हा मैदानावर भरते. आणि बारावीच्या मुलांच्या आया पर्समधून फोन काढून मला विचारू लागतात, "बाई, अर्ली करायचं का?"

काल शिल्पा येऊन गेली. तिचा आर्यन यंदा बारावीत आहे. ती जे सांगून गेली, त्यामुळे मला गेल्या वर्षीचा सगळा वस्म पुन्हा आठवला.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेतली पुष्कळ कॉलेजे दोन फेऱ्यांत प्रवेश देतात. पहिल्या फेरीचा अर्ज साधारण नोव्हेंबरच्या आरंभी करायचा आणि निकाल डिसेंबरात. दुसऱ्या फेरीचा अर्ज नवे वर्ष उजाडताना आणि निकाल मार्चच्या आसपास. पहिल्या फेरीचा एक प्रकार असा, की विद्यार्थ्याने एकच कॉलेज निवडायचे आणि शब्द द्यायचा: तुम्ही घेतलेत तर मी येणारच. त्या शब्दाखाली विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या लागतात. निकाल तीन प्रकारचे असतात. होकार, नकार, आणि 'पुढे ढकलले'. म्हणजे आत्ता काही सांगत नाही, दुसऱ्या फेरीत इतरांबरोबर पुन्हा विचार करू. असा अर्ज पुढे ढकलला गेला की दिलेल्या शब्दातून विद्यार्थी मोकळा होतो. हा तिसरा निकाल वाचकांनी लक्षात ठेवावा.

गेल्या वर्षी हा प्रश्न मुक्ताचा होता. मुक्ताचा जन्म इथलाच. वडील हेमंत जाब्रियातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. आई वैशाली पुण्याची. मुक्ताला समुद्राचा अभ्यास करायचा होता. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलात खेकड्यांची बिळे बघत ती इतकी रमायची, की शाळेच्या सहलीत तिला हाक मारून आणावे लागे. त्या अभ्यासासाठी तिने एक लहान कॉलेज हेरून ठेवले होते, समुद्राच्या काठचे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले, पण घेतात मात्र थोड्यांना. लवकरचा अर्ज एकच करता येत होता. तो कुठे खर्च करायचा, यावर त्या घरात महिनाभर धुसफुस चालली होती. कारण वैशालीने शहरातल्या मिरकाब भागातल्या, प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या एका समुपदेशकांचे नाव ऐकले होते आणि त्यांचे म्हणणे होते, की लवकरचा अर्ज मोठ्या नावाच्या कॉलेजालाच द्यावा; तिथे एरवी दार बंद असते, लवकर गेले तर उघडे सापडते.

"बाई, तुम्ही एकदा बरोबर चला," वैशाली म्हणाली. "मला त्यांचं सगळं पटतं, पण घरी आले की हेमंत दोन प्रश्न विचारतो आणि मला उत्तरं येत नाहीत."

वैशाली, मुक्ता आणि मी गेलो ती मिरकाबमधली इमारत जुनी होती. लिफ्टमध्ये औदाचा, म्हणजे अरबी धुपाचा, वास दाटलेला. वरच्या मजल्यावर मात्र चकचकीत काच, गार हवा आणि समोर एक भिंत. भिंतभर हसऱ्या मुलामुलींचे फोटो, प्रत्येकाखाली कॉलेजचे नाव. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, की ही लवकर अर्ज केलेली आमची मुले.

"देखिए मॅडम," समुपदेशक म्हणाले. त्यांची हिंदी गोड होती. "ये सब अपने अर्लीवाले बच्चे हैं. रेग्युलर में क्या होता है, भीड़ में बच्चा खो जाता है. अर्ली में कॉलेज को लगता है, ये बच्चा सचमुच हमारे यहाँ आना चाहता है."

हे शेवटचे वाक्य चुकीचे नव्हते. काही कॉलेजे अशा शब्दाला खरोखर किंमत देतात, असे मीही वाचले होते. पण माझी नजर भिंतीवरच्या एका फोटोवर अडकली होती. तो रितेश होता. माझाच विद्यार्थी. त्याचे शिफारसपत्र मी लिहिले होते आणि त्याचा डिसेंबर मी जवळून पाहिला होता. त्याचा अर्ज पुढे ढकलला गेल्याचे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी त्याने फळ्यावर गणित सोडवायला स्वतःहून हात वर केला, आणि संपूर्ण तासभर वर्गाकडे पाठ करून उभा राहिला. प्रवेश त्याला मार्चमध्ये मिळाला, इतर सगळ्यांबरोबर.

"या मुलानं अर्ली अर्ज केला होता?" मी विचारले.

"जी मॅडम."

"आणि त्याला प्रवेश मिळाला?"

"बिलकुल. आप पूछ लीजिए किसी से भी."

"अर्लीमध्ये मिळाला?"

ते हसले. रागावले नाहीत, गोंधळले नाहीत. मला त्यांचे ते हसणे अजून आठवते. "मॅडम, अर्ली किया था. ॲडमिशन मिला. दोनों बातें सच हैं ना?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी त्यांना खोटे बोलताना पकडू शकत नव्हते, कारण ते खोटे बोललेच नव्हते. दोन खरी वाक्ये त्यांनी शेजारी शेजारी उभी केली होती आणि त्यांचे हात आम्ही बघणाऱ्यांनी एकमेकांत गुंफले होते. बाण भिंतीवर नव्हताच. तो पाहणाऱ्याच्या डोक्यात निघत होता.

खाली येताना लिफ्टमध्ये मुक्ताने विचारले, "टीचर, ज्यांना नाही मिळालं, त्यांचे फोटो कुठे लावतात?"

"गप गं," वैशाली म्हणाली. "निघायच्या आधीच नाट लावून घ्यायची आहे का?"

मुक्ताचा प्रश्न अगदी योग्य होता. भिंतीवर किती मुले आहेत हे मोजून काहीच कळत नाही. मुळात किती गेली होती, हे कळायला हवे. आणि आपल्या लोकांत नेमके तेच कधी कळत नाही. इथल्या मराठी घरांत, दार लोटून घेतल्याशिवाय कोणी प्रवेशाविषयी बोलत नाही. कोणी विचारलेच तर एक ठरलेले उत्तर असते: "आमचं पुण्यातच बघतोय." नजर लागू नये म्हणून, आणि शेजारणीच्या मुलाने तेच कॉलेज धरू नये म्हणूनही. माझ्याकडे शिफारसपत्रासाठी येणारी प्रत्येक आई उठता उठता कोणाला सांगू नका, असे बजावते. एके वर्षी दोन मैत्रिणी एकाच आठवड्यात येऊन गेल्या. दोघींच्या मुलांचे कॉलेज एकच आणि दोघींनी मला एकमेकींना न सांगण्याची शपथ घातली. "तिला तेवढं कळू देऊ नका हं, बाई." इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्या दोघी शेजारी बसून एकमेकींना चकल्या वाढत होत्या आणि दोघींची मुले पुण्यात जाणार होती.

मग निकाल लागतो. ज्याला मिळाले त्याच्या घरून पेढे येतात. ज्याला मिळाले नाही तो पुण्यातच बघत असतो, पहिल्यापासून. म्हणजे आपल्याला पेढे दिसतात आणि जे पेढे आले नाहीत ते दिसत नाहीत. अशा पेढ्यांवरून शक्यता काढणे म्हणजे फक्त उत्तीर्णांच्या उत्तरपत्रिका तपासून पेपर सोपा होता असे म्हणणे आहे.

त्या दिवसांत मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला होता, हे मान्य करायला हवे. मंडळात कोणी मुलाविषयी मोघम बोलले की मी मनात त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढत असे. पारकरभाईंविषयी मात्र मला कधी शंका आली नव्हती. पारकरभाई रत्नागिरीकडचे, मुबारकिया बाजारात त्यांचे मसाल्यांचे आणि केशराचे दुकान आहे. त्यांची सना माझीच विद्यार्थिनी, मुक्ताच्या दोन वर्षे पुढची. आजीला सोडून लांब जायचे नाही म्हणून ती पुण्याला गेली, असे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

मी केशर घेत होते तेव्हा बाहेर एक भाजीवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, की यंदा वस्माचा पाऊस लवकर येणार, म्हणजे फग्गा भरपूर निघणार. फग्गा म्हणजे वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली येणारी, बटाट्यासारखी दिसणारी एक महाग चीज. पारकरभाई हसू लागले.

"दर वर्षी हेच सांगतो तो. ज्या वर्षी फग्गा येत नाही, त्या वर्षी दुसरं काहीतरी विकतो. मग आठवण कोण करून देणार त्याला?"

मी म्हटले, "मिरकाबला परवा अशीच एक भिंत बघून आले."

त्यांनी केशराची डबी बंद केली. 

"टीचर, तुम्ही म्हणून सांगतो. सनाचा अर्ज त्याच ऑफिसातनं गेला होता. अर्ली. डिसेंबरात नकार आला. पोरीनं दोन दिवस खाल्लं नाही. मग आम्हीच ठरवलं, आजीचं नाव पुढं करायचं."

"आजीला ठाऊक आहे?"

"आजी तर खूश आहे!" ते म्हणाले. "सगळ्यांना सांगते, माझ्यासाठी राहिली पोर."

मुक्ताला मी नाव न घेता एवढेच सांगितले, की भिंतीवर नसलेलीही मुले आहेत. मग वर्ग सुटल्यावर तिला एक उदाहरण दिले. परीक्षेच्या दिवशी वर्गात सर्वांच्या आधी येऊन बसणारी मुले पाहा. त्यांना बहुधा चांगले गुण मिळतात. मग ज्याचा अभ्यास झालेला नाही, त्याला पहाटे आणून बाकावर बसवले तर त्याचे गुण वाढतील का?

"नाही ना," मुक्ता म्हणाली. "लवकर येणारे आधीच तयार असतात."

"पहिल्या फेरीतही तसेच असू शकते. तयारी पूर्ण झालेली मुले, खेळासाठी आधीच हेरलेली मुले, ज्यांचे आईवडील त्याच कॉलेजात शिकले ती मुले. ती बाजूला काढल्यावर तुझ्यासारखीच्या वाट्याला किती फायदा उरतो, हे मला सांगता येत नाही."

"म्हणजे शून्य?"

"शून्य असे मी म्हटले नाही. सांगता येत नाही, असे म्हटले."

तिला हे उत्तर आवडले नाही. कोणालाच आवडत नाही. पण त्या रात्रीच्या जेवणाला तिने घरी जाहीर केले, की लवकरचा अर्ज ती आपल्या समुद्रकाठच्या कॉलेजालाच करणार. फायदा किती आहे ते कोणालाच माहीत नसेल, तर निदान जिथे खरेच जायचे आहे तिथे शब्द द्यावा. हेमंतने सही करण्यापूर्वी मला फोन केला.

"बाई, एकच विचारतो. त्यांनी घेतलं आणि शिष्यवृत्ती कमी दिली, तर दुसऱ्या कॉलेजाशी तुलना करायची सोय राहते का?"

"फारशी राहत नाही. परवडेनासे झाले तर शब्दातून सुटका कशी होते, ते सही करण्याआधी कॉलेजलाच लेखी विचारा. भिंतीला विचारू नका."

त्याने विचारले, उत्तर आले, मग सही केली. अर्ज मात्र मिरकाबच्याच ऑफिसातून गेला, कारण वैशालीचा तेवढा आग्रह राहिला.

डिसेंबरातल्या एका सकाळी, मैदानावर प्रार्थना चालू असताना, मुक्ता रांगेत उभी होती. बोचरा वारा होता. मुलांनी स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांवर घेतल्या होत्या. माझ्याजवळून वर्गाकडे जाताना ती इतकेच म्हणाली, "ढकललं, टीचर."

दुपारी वैशालीचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. "त्या सरांचं ऐकलं असतं तर मोठ्या ठिकाणी झालं असतं. तुम्ही तिच्या डोक्यात शंका घातलीत."

 जिने दुसरे कॉलेज निवडले अशी आणखी एक मुक्ता कुठे असती, तर तिला विचारून आले असते. मुले एकदाच बारावीत असतात. प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही, हीच या विषयातली सगळ्यांत मोठी अडचण आहे, आणि भिंती तिच्यावरच उभ्या राहतात.

जानेवारीत मंडळाची वाळवंटात सहल होती. हिवाळ्यात इथे अवघे गाव तंबूत राहायला जाते. आमचाही एक दिवसाचा तंबू असतो. बाहेर पतंग, आत कांदाभजी, जनरेटरची धडधड, सतरंजीवर बारीक वाळू. शिल्पा तिथे बायकांच्या घोळक्यात सांगत होती, "आमच्या आर्यनचं पुढच्या वर्षी अर्लीच करायचं. मिरकाबच्या सरांकडे सगळ्यांना मिळतं. मी भिंत बघून आलेय ना!"

मुक्ता हातात बशी घेऊन माझ्या शेजारी बसली होती.

"शिल्पाकाकू, मला नाही मिळालं. मी त्यांच्याकडूनच केलं होतं, अर्ली."

शिल्पाने वळून तिच्याकडे पाहिले.

"अगं, पण तुझं तर पुण्यात बघत होते ना?"

"ते आई बघत होती," मुक्ता म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसले. वैशाली कपातल्या चहाकडे बघत राहिली. आता आणखी कोणी बोलेल, एखादी आई आपल्याही घरचे सांगेल, असे मला वाटले. पारकरभाई तंबूच्या दाराशी उभे होते. त्यांनीही नजर बाहेरच्या पतंगांकडे वळवली.  शिल्पाने मुक्ताच्या बशीत भजी वाढली आणि म्हणाली, "खा गं, गार होतायत."

परतताना गाडीत वैशालीने तोंड उघडले. "सगळ्यांसमोर पाटी लावायची काय गरज होती?"

"कुणीतरी एकानं सांगायला नको का, आई?"

"मग ते एक आपणच का?"

मी मागच्या सीटवर होते. काचेबाहेर तंबूंचे दिवे मागे पडत होते.

मार्चमध्ये, धुळीचे वारे सुरू झाल्यावर, त्याच समुद्रकाठच्या कॉलेजाने मुक्ताला प्रवेश दिला. दुसऱ्या फेरीत, इतरांबरोबर. वैशाली पेढे घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिने माझा हात धरला. "शेवटी झालं, बाई. लवकर अर्ज केला होता म्हणून नाव त्यांच्या लक्षात राहिलं."

तसे असेलही. नसेलही. पेढा मी घेतला. वाक्य घेतले नाही.

आता कालची गोष्ट. शिल्पा आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि उत्साहाने म्हणाली, "बाई, काल मिरकाबला जाऊन आले. आपली मुक्ता आहे भिंतीवर! रितेशच्या बाजूलाच. आता माझी खात्रीच पटली. आर्यनचं अर्लीच, आणि सर म्हणतील तिथंच."

"मुक्ताला पहिल्या फेरीत मिळाले नव्हते," मी म्हटले. "तिने तुम्हालाच सांगितले होते. तंबूत."

शिल्पा क्षणभर आठवू लागली. तिला आठवलेही. "हो, म्हणाली होती काहीतरी. पण शेवटी मिळालंच ना? अर्ली केलं होतं म्हणूनच मिळालं असेल."

"फोटो त्यांना कोणी दिला?"

"वैशालीनंच! छान आलाय हो, निळ्या ड्रेसमधला."

 इतके दिवस मला वाटत होते, की भिंत कोणीतरी लबाडीने उभी केली आहे. त्या माणसाचा संशय घेतला की काम संपले. पण तो नुसता खिळे ठोकत होता. फोटो आम्हीच नेऊन देत होतो, आनंदाने, पेढ्यांसोबत. आणि डिसेंबर आम्हीच घरी ठेवत होतो.

संध्याकाळी मुक्ताला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती. मागे समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"माहितीये, टीचर. आईनं विचारलं होतं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, त्यात खोटं काय आहे? तू अर्ज केलास, तुला मिळालं." ती हसली, पण ते हसणे पुरते नव्हते. "बघा ना, आता मीच पुरावा झाले."

"आर्यन अर्ज करणार आहे."

"मग त्याला माझा नंबर द्या. शिल्पाकाकूंना नको, त्यालाच द्या. मी त्याला डिसेंबर सांगते."

नंबर मी दिला आहे. तो फोन करील की नाही, ते ठाऊक नाही. नळाचे पाणी आज आणखी निवले आहे, आणि अर्जाची मुदत जवळ येते आहे.

ज्या प्रश्नापासून मी निघाले होते, त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. काही कॉलेजांत लवकर अर्ज केल्याने थोडा फायदा होत असेल. प्रत्येकाला होतो, असे मला कोणी दाखवू शकलेले नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की माझ्यावरही विश्वास ठेवू नका. ज्या कॉलेजात जायचे आहे त्यालाच विचारा, की पहिल्या फेरीत कोणाकोणाला घेता. भिंतीवरच्या मुलाला गाठून विचारा, की तुला होकार कोणत्या महिन्यात आला. आणि ज्याच्या घरून पेढे आले नाहीत, त्याच्याकडे एकदा चहाला जा. मग स्वतः पडताळून पाहा.